तेरा गुण कमी पडले, म्हणून हिशेब सोडू का?

प्रिय ताई,

मी सांगलीची. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. वडील मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात दिवाणजी आहेत, त्यामुळे आकडे लहानपणापासून घरातच. बारावीनंतर सीए फाउंडेशन दिली. चारही पेपरांत चाळीसच्या वर होते, पण एकूण १८७ झाले आणि नापास. तेव्हापासून घरात रोज नवा सल्ला. आई म्हणते, बँकेच्या परीक्षा दे. पुण्याचा मामेभाऊ म्हणतो, यूएस सीएमए हा अमेरिकन हिशेबाचा कोर्स कर, सीएत वय जातं. आणि वडील, ज्यांनी आयुष्य याच कामात काढलं, ते म्हणतात की हे सगळं आता कॉम्प्युटर करणार, तू यात पडू नकोस. मला हिशेब आवडतो असं वाटतं. पण खरंच आवडतो का, हे कसं ओळखायचं? आणि आवडत असेल तर पुढे काय करू?

– सांगलीची एक विद्यार्थिनी

सांगलीच्या मुली,

आधी त्या १८७ चा विषय मिटवू. पत्रात तो एका ओळीत आलाय, पण सगळं अडलंय तिथेच. फाउंडेशनला प्रत्येकी १०० गुणांचे चार पेपर. प्रत्येकात किमान ४० आणि चारही मिळून २००, या दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. तू पहिली पुरी केलीस, दुसरीत तेरा गुणांनी राहिलीस. क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड आणि अर्थशास्त्र हे दोन पेपर वस्तुनिष्ठ असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. अंदाजे ठोकून दिलेली उत्तरं तिथे महागात पडतात. तुझे तेरा तिथेच गेले असावेत, असा माझा कयास.

आता जे तुला बहुधा कुणी सांगितलेलं नाही ते ऐक. तुला फाउंडेशन पुन्हा द्यायची गरजच नाही. वाणिज्य शाखेची पदवी किमान ५५ टक्क्यांनी मिळाली की थेट इंटरमीजिएटला, म्हणजे सीएच्या पुढच्या टप्प्याला, नोंदणी होते. इतर शाखांना ही अट ६० टक्क्यांची आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच तात्पुरती नोंदणीही करता येते. डायरेक्ट एन्ट्री म्हणतात ती हीच. म्हणजे आजघडीला तुझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची परीक्षा बी.कॉम.ची आहे, जिच्याकडे सीए करणारी मुलं ढुंकूनही बघत नाहीत आणि मग ५३ टक्क्यांवर येऊन हळहळतात. कॉस्टिंग आणि ऑडिटचे पेपर तेवढे मन लावून दे, पुढे ते दोन्ही पुन्हा भेटणार आहेत.

पण लगेच नोंदणीचा अर्ज उघडून बसू नकोस. तुझ्या पत्रातला खरा प्रश्न दुसराच आहे. या सदराला येणारी बरीच पत्रं विचारतात की कशाला स्कोप आहे. तू विचारतेस की मला हे खरंच आवडतं का, ते ओळखू कसं. त्याचं उत्तर जरा सविस्तर देते, बाकीचं पटापट.

हिशेब आवडतो म्हणजे काय आवडतं? ताळेबंद जुळला की बरं वाटतं, ते तर सगळ्यांनाच वाटतं. पुस्तकातल्या गणितात तो जुळणारच असतो, कारण गणित घालणाऱ्याने तो जुळवूनच ठेवलेला असतो. खऱ्या दुकानाचा जुळत नाही.

समज, एक हार्डवेअरचं दुकान आहे. मालक भला माणूस, सहा महिन्यांच्या नोंदी टॅलीत आहेत आणि तू बँक जुळवायला बसली आहेस. न वटलेले चेक बाजूला काढलेस. बँकेने परस्पर कापलेले चार्जेस टाकलेस. क्यूआर कोडवर आलेल्या चाळीस, साठ, एकशे दहा रुपयांच्या शेकडो जमा विक्रीशी लावल्यास. संध्याकाळ झाली आणि १८० रुपये उरले. कुठेच बसत नाहीत. जुना हिशेबनीस अशा वेळी फरकाला आधी नऊने भागून बघतो. पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी दोन अंक उलटे पडल्याचा दाट संशय: ५,४६० च्या जागी ५,६४०. ते सापडलं नाही तर फरकाच्या निम्मी, म्हणजे ९० ची नोंद हुडकतो, कारण जमेची रक्कम नावे पडली की फरक दुपटीने दिसतो. तुझ्या वडिलांना विचारून बघ. ही युक्ती त्यांना पुस्तकात वाचावी लागली नसेल.

त्या १८० रुपयांपाशी तुझं काय होतं, हे मला कळायला हवं. 'एवढ्याशा रकमेसाठी कोण डोकं फोडणार, किरकोळ खर्चात टाका आणि घरी चला' असं वाटणारी माणसं वाईट नसतात. त्यांनी विक्रीत जावं, स्वतःचा धंदा काढावा, तिथे ती चमकतात. पण १८० चा फरक म्हणजे १८० ची चूक, असं कधीच धरता येत नाही. पन्नास हजारांची एक नोंद राहिली आणि त्याच बाजूला ५०,१८० ची एक दोनदा पडली, तरी वर फक्त १८० च दिसतात. हे ऐकून तुला 'अरे बापरे, मग शोधायलाच हवं' असं वाटलं असेल, तर तू या कामाची आहेस. कंटाळा आला असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

हा झाला कामाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा कॉलेजात कुणी शिकवत नाही, तो म्हणजे माणसांच्या मागे लागणं. मालक खरेदीची बिलं व्हॉट्सॲपवर पाठवतो. फोटोत अंगठा नेमका जीएसटी नंबरावर. फोन केला की 'नंतर बघू' म्हणतो. त्याचा पुतण्या दुकानाच्या खात्यातून स्वतःच्या गाडीचा हप्ता भरतो आणि तो कुठल्या खात्याला टाकायचा हे सांगायला कुणीच तयार नसतं. या सगळ्यांकडून न भांडता, न लाजता, चौथ्यांदा तीच माहिती मागता यायला हवी. अबोल मुलांना हिशेबाचं काम बरं, कुणाशी बोलावं लागत नाही, असा आपल्याकडे एक समज आहे. त्या समजावर विसंबून या क्षेत्रात आलेली मुलं सहा महिन्यांत रडकुंडीला येतात.

आणि तारखा. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीचं विक्रीचं विवरण, १५ ला प्रॉव्हिडंट फंड, २० ला जीएसटीचा भरणा. त्यावर वर्षाच्या तारखा: जुलैअखेर पगारदारांची विवरणपत्रं, ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिटचा अहवाल, ३१ ऑक्टोबरला ऑडिटवाल्यांची विवरणपत्रं. पंचांग काढून बघ, यात गणपती, नवरात्र आणि काही वर्षी दिवाळीही सापडते. गणपतीत आठवडाभर रजा मागणाऱ्या आर्टिकलकडे, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकणाऱ्या उमेदवाराकडे, सगळं ऑफिस ज्या नजरेने बघतं, ती नजर एकदा अनुभवावी. मुदतवाढ मिळेल या आशेवर अख्खा सप्टेंबर काढणारेही भेटतील. त्यांच्या नादाला लागू नकोस.

म्हणून माझं म्हणणं असं की कुठलाही कोर्स निवडण्याआधी काम बघ, आणि हंगामात बघ. मे महिन्यात हे काम कुणालाही आवडेल. ऑगस्ट ते ऑक्टोबर असे तीन महिने सांगलीतल्याच एखाद्या करसल्लागाराच्या किंवा सीएच्या ऑफिसात कॉलेज सांभाळून अर्धा दिवस बस. वडिलांच्या दुकानात नको. तिथे तू दिवाणजींची लेक आहेस, कुणी तुला धड काम सांगणार नाही. ऑफिस लहान बघ, पाच-सहा माणसांचं. मोठ्या ऑफिसात नवख्या मुलीला तीन महिने नुसत्या झेरॉक्स आणि फाइली लावाव्या लागतात. पगार किती, हे पहिल्याच वाक्यात विचारू नकोस, पण फुकटही राबू नकोस. जाण्यायेण्याचा खर्च निघून थोडं उरेल एवढं मागायला हरकत नाही. आणि तीन कामं मागून घे: एका दुकानाची बँक जुळवणी, एकाची रोकड वही पावत्यांशी ताडून बघणं, आणि एकाच्या खरेदीच्या नोंदी जीएसटीच्या २बी विवरणाशी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या यादीशी, लावणं. या तिन्हींत तुझं मन रमलं, तर बाकीचं शिकता येतं.

त्या २बीवरून तुझ्या वडिलांच्या काळजीकडे येते. त्यांना घाबरट ठरवू नकोस, त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. बिल बघून टॅलीत टाइप करायचं, एवढंच ज्याचं काम होतं त्याची नोकरी आक्रसत चाललीय. बँकेचा उतारा आता थेट सॉफ्टवेअरमध्ये ओढून घेता येतो, बिलाचा फोटो वाचून नोंद तयार होते. 'टॅली येतं' एवढ्या भांडवलावर बारा-पंधरा हजारांची नोकरी धरायची आणि त्याच जोरावर वर चढत जायचं, हा रस्ता तुझ्या पिढीला उरलेला नाही. त्यात पडू नकोस, हे मीही सांगेन.

मात्र नोंद झाली की प्रश्न संपतो, असं नसतं. दर महिन्याच्या १४ तारखेला २बी तयार होतं. त्यात तुझ्या दुकानाने घेतलेल्या मालाचं एक मोठं बिल दिसत नाही. पुरवठादाराने विवरण भरलं नाही, की भरताना नंबर चुकीचा टाकला, की बिलच बनावट आहे? २बीत नसलेल्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. मालक म्हणतो, मग त्याचे पैसेच अडकवून ठेवा. पण पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २०२३-२४ पासून त्याला ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. मुदत चुकली तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरली जात नाही. एकीकडे जीएसटी, एकीकडे आयकर, मध्ये मालकाचा वर्षानुवर्षांचा पुरवठादार. सॉफ्टवेअर इथे लाल खूण करून दाखवतं. फोन कुणी करायचा आणि काय बोलायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि त्या 'कुणीतरी'ला पैसे मिळतात.

तुझ्याच भागातलं उदाहरण द्यायचं तर बेदाण्याचं. द्राक्ष शेतमाल, याबद्दल वाद नाही. तेच वाळवून बेदाणा केला की तो शेतमाल राहतो का? शेतकऱ्याने विकला तर कर लागतो का? तासगाव-सांगलीच्या सौद्यांत हा काही तात्त्विक प्रश्न नव्हता. शेवटी डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत स्पष्ट करावं लागलं की शेतकऱ्याने स्वतः पुरवलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही. तोवर कित्येक आडत्यांना कुणाच्या तरी सल्ल्यावरच व्यवहार करावा लागला असणार. तो सल्ला देणाऱ्याला कायदा वाचता यावा लागतो आणि बेदाणा कसा तयार होतो, हेही ठाऊक असावं लागतं. मार्केट यार्डात वाढलेल्या मुलीला यातलं अर्धं आयतंच मिळालेलं आहे.

आणखी एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होतो. कलमांचे आकडे बदलले. माझ्यासारख्यांनी वर्षानुवर्षं झोपेतही सांगितलेले नंबर आता नव्याने पाठ करायचे. म्हणजे या एका बाबतीत तरी तू आणि तुझे वरिष्ठ एकाच बाकावर बसून अभ्यास करणार. सुरुवात करायला वेळ वाईट नाही.

आता सीएचा रस्ता. २०२३ च्या जुलैपासून नवी योजना आहे. पदवीनंतर नोंदणी करून आठ महिन्यांचा अभ्यास, मग इंटर: दोन ग्रुप, प्रत्येकी तीन पेपर. दोन्ही ग्रुप सुटल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप, जी आधी तीन वर्षांची होती. त्यानंतर सहा महिन्यांनी फायनल, पुन्हा सहा पेपर. मधे ऑनलाइन मॉड्यूल आणि थोडं प्रशिक्षण. सगळं पहिल्या फटक्यात सुटलं तर चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी सीए. पण सगळं पहिल्या फटक्यात फार थोड्यांचं सुटतं. इंटरचे दोन्ही ग्रुप एकत्र देऊन दोन्हींत पास होणारे बहुतेक वेळा शंभरात वीसच्या आतच असतात. 'सीएत वय जातं' हे मामेभावाचं वाक्य म्हणूनच खोटं नाही. वय अभ्यासक्रमात जात नाही, पुढच्या प्रयत्नाची वाट बघण्यात जातं.

त्यावर उपाय एकच, आधीच रेघ मारून ठेवायची. परीक्षा आता वर्षातून तीनदा होते: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. त्यामुळे सोय झाली तसा धोकाही वाढला. 'या वेळी नुसता अनुभव घेते, पुढच्या वेळी नीट देईन' असं म्हणत वर्ष कुठे जातं ते कळत नाही. तुझ्यापुरतं ठरव की इंटरला नीट तयारीचे तीन प्रयत्न. त्यात एक ग्रुप सुटला तर आणखी दोन. त्यात काहीच नाही सुटलं तर दुसरी वाट, आणि त्या दिवशी घरात रडारड करायची नाही. हे कागदावर लिही आणि आईला दाखव. आईची निम्मी भीती ही असते की हे कधी संपणार ते कुणी सांगत नाही.

पैशाचंही बोलू. सीएच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची फी परवडण्यासारखी आहे: इंटरच्या दोन्ही ग्रुपची नोंदणी १८,००० च्या आसपास, फायनलची २२,००० च्या. कंबरडं मोडतं ते क्लास आणि पुण्यातली खोली यांनी. इंटरचा अभ्यास घरी बसून, ऑनलाइन क्लास लावून होतो. सांगलीत संस्थेची शाखा आहे, तिथे चौकशी कर. पुण्याला जायचंच असेल तर आर्टिकलशिपला जा, तेव्हा थोडाफार स्टायपेंड तरी हातात पडेल. त्यात खोलीभाडं निघेल अशी मात्र आशा धरू नकोस. किमान स्टायपेंड शहराच्या लोकसंख्येप्रमाणे ठरतो आणि तो तुटपुंजाच असतो. आर्टिकलशिप कुठे करायची यावर लोक भांडभांड भांडतात. माझं मत लहान किंवा मध्यम ऑफिसच्या बाजूने. मोठ्या फर्ममध्ये एखादी मुलगी दोन वर्षं एकाच कंपनीची स्थावर मालमत्ता तपासत बसते. लहान ऑफिसात तिला सकाळी नोटिशीला उत्तर, दुपारी पतसंस्थेचं ऑडिट आणि संध्याकाळी मालकाच्या मुलाचं कर्जाचं प्रकरण असं सगळं हाताखालून जातं. ज्यांना मोठ्या कंपनीतच नोकरी हवी आहे, त्यांनी माझं ऐकू नये.

यूएस सीएमएबद्दल: कोर्स वाईट नाही. दोनच भाग आहेत, पुण्यातल्या परदेशी कंपन्यांच्या फायनान्स विभागांत त्याला मागणी आहे. पण फी डॉलरमध्ये, आणि त्याच्या जोरावर भारतात ऑडिटवर सही करता येत नाही. मामेभावाला ज्या नोकरीचा अनुभव आहे त्या नोकरीसाठी त्याचा सल्ला बरोबरच आहे. तुला तशी नोकरी हवीय का, हे तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही. आणि आपल्याकडेही एक सीएमए आहे, कोलकात्यात मुख्यालय असलेल्या कॉस्ट अकाउंटंट्सच्या संस्थेचा. दोन्ही वेगळे, जाहिरात वाचताना घोळ करू नकोस. साखर उद्योगातल्या कंपन्यांना उत्पादनखर्चाच्या नोंदी आणि ठरावीक उलाढालीनंतर कॉस्ट ऑडिट कायद्यानेच लागू आहे, तेव्हा तुमच्या भागात हा देशी सीएमए अगदीच परका पडणार नाही.

ज्या वाटेबद्दल मुलांना कुणीच सांगत नाही ती म्हणजे जीडीसी अँड ए. सहकार खात्याची शासकीय पदविका, सहा पेपरांची परीक्षा, कुठल्याही शाखेचा पदवीधर देऊ शकतो, आणि मराठीतून देता येते. ही पदविका आणि सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असला, की प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून नामतालिकेवर यायचा मार्ग खुला होतो. मग गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, सोसायट्या यांचं ऑडिट करता येतं. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमात या लेखापरीक्षकाला मराठीचं कामचलाऊ ज्ञान हवं, असंही म्हटलेलं आहे. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी संस्थांना तोटा नाही, आणि नीट ऑडिट करणाऱ्यांचा आहे. सीए झालीस तरी आणि नाही झालीस तरी, पदवीनंतर ही परीक्षा देऊन ठेव.

सरकारी नोकरीचं दार हवं असेल तर एमपीएससीतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा आहे, केंद्रात महालेखापरीक्षकांच्या अखत्यारीतली कार्यालयं आहेत. त्यांचा अभ्यास पूर्णपणे वेगळा. सीए आणि स्पर्धा परीक्षा एकाच वेळी करणारी मुलं बहुधा दोन्हीकडून राहतात.

मराठी माध्यमाचं तू ओझरतं लिहिलंस, पण मला ते खुपताना दिसलं. सीएची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. तुझी बी.कॉम. इंग्रजीतून चालू असेल तर विषयाची भाषा तुला येतेच. अडतं ते पत्र लिहिताना. त्यासाठी स्पोकन इंग्लिशचा क्लास नको. ऑफिसात बसशील तेव्हा आयकर आणि जीएसटीच्या नोटिशींना दिलेली जुनी उत्तरं मागून घे आणि रोज एक हाताने उतरवून काढ. मुद्दा कसा मांडलाय, कलम कुठे आलंय, नम्रपणे 'नाही' कसं म्हटलंय, ते बघ. दोन महिन्यांत फरक दिसेल.

ते 'नाही' म्हणणं जमायला हवं, एवढ्यासाठी हा विषय काढते. 'तेवढं बिल मागच्या तारखेला टाका' हे वाक्य तुला पहिल्या वर्षातच ऐकू येईल, आणि सांगणारा माणूस चांगला असेल, तुला दिवाळीला मिठाई पाठवणारा असेल. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते आणि ती बंद करता येत नाही. त्यामुळे निदान तिथे 'सिस्टीम घेत नाही हो' असं खरंखुरं उत्तर देता येतं. पण सगळंच सिस्टीमवर ढकलता येत नाही. सत्यम या आयटी कंपनीच्या पुस्तकांत बँकेतली शिल्लक म्हणून दाखवलेल्या रकमेतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते, हे जानेवारी २००९ मध्ये संस्थापकाने स्वतःच्या पत्रात कबूल केलं, तेव्हा जगाला कळलं. बँकेतली शिल्लक! ऑडिटमध्ये सगळ्यात आधी तपासली जाणारी गोष्ट. बँकेला थेट पत्र टाकून उत्तर थेट आपल्याकडे मागवायचं, कंपनीने हातात दिलेल्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही, हा पहिल्या वर्षाच्या आर्टिकलला शिकवतात तो नियम आहे. अपरिचित माणसाकडे कागद मागताना तुला संकोच वाटतो का, हेही त्या तीन महिन्यांत बघून घे.

आईला काय सांगायचं? बँकेच्या अधिकारीपदाच्या परीक्षेलाही पदवी लागतेच. म्हणजे बी.कॉम. होईपर्यंत तुम्हा दोघींचं भांडण निव्वळ हवेतलं आहे. तोवर ऑफिसातले तीन महिने होऊन जातील. ते रुचले नाहीत तर बँकेची तयारी कर, त्यात कमीपणा काही नाही. रुचले तर शेवटच्या वर्षाला इंटरची नोंदणी. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः वाच, क्लासवाल्याच्या तोंडी माहितीवर जाऊ नकोस.

ता. क. आत्तापासून साधा बारा अंकी कॅल्क्युलेटर वापरायला लाग आणि मोबाइलवर बेरजा करायची सवय मोड. सीएच्या परीक्षेत बारापेक्षा जास्त अंकी किंवा शास्त्रीय कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि मेमरीची बटणं न बघता दाबता येणं हे कॉस्टिंगच्या पेपरात पाच-दहा मिनिटं वाचवतं. बटणं मोठी आणि आवाज न करणारी घे. खडखडणाऱ्या कॅल्क्युलेटरवाल्याकडे परीक्षेत अख्खा वर्ग वळून बघतो.